प्रश्न कोणाचा? संगणकीय जीवशास्त्रातील स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आणि वैद्यवर्ग

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे परीक्षासाधन मानले, ही गोष्ट प्रत्येक वैद्य पदवीच्या पहिल्या वर्षापासून जाणतो. पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांचा संयोग झाला म्हणजे पीक येते. यांतील एकेका कारणाकडे सुटेपणाने पाहून पीक येईल की नाही हे सांगता येत नाही. अनेक कारणांच्या संयोगातून उपजणारा भाव जी बुद्धी पाहते आणि भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांचा विचार करते, ती युक्ती. न्यायादी दर्शनांनी युक्तीला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. वैद्यकाला मात्र तिच्यावाचून चालले नाही, कारण रोग्यासमोर बसलेल्या वैद्याला एकाच कारणाचा विचार करून कधीच भागत नाही.

आज जगभरात ज्याला संगणकीय जीवशास्त्र म्हणतात, त्याचे काम स्थूलमानाने हेच आहे. शेकडो, हजारो घटकांची मोजमापे एकत्र घेऊन त्यांच्या संयोगातून काय उपजेल हे गणिताने सांगण्याचा तो प्रयत्न आहे. जे सांगितले ते पुढे खरे ठरते की नाही याची परीक्षा जेथे मुख्य मानली जाते, त्या शाखेस पूर्वानुमानात्मक जीवशास्त्र असे नाव पडले आहे. व्यक्तावस्थेपूर्वीच रोगाची चाहूल घेणे हे तिचे ध्येय. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद हे सहा क्रियाकाल ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना हे ध्येय परके वाटू नये. चरकसंहितेचे इंद्रियस्थान तर बारा अध्यायांत अरिष्टलक्षणांचा, म्हणजे पूर्वानुमानाचाच विचार करते.

परंतु साम्य दाखवून समाधान मानण्याचा हा लेख नव्हे. असे साम्य आपल्या संमेलनांतून पुष्कळदा दाखवले जाते आणि टाळ्यांबरोबर ते विरूनही जाते. या नव्या शास्त्रात स्वतःचा प्रश्न घेऊन उभे राहण्याची सोय कोणती, ती कशी निर्माण झाली आणि आयुर्वेदाच्या पदवीधराला तिचा उपयोग कसा करून घेता येईल, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

स्वतंत्र अधिछात्रवृत्ती म्हणजे काय?

संशोधनक्षेत्रातील रूढ मार्ग असा आहे. विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली पीएच.डी. करतो. त्यानंतर काही वर्षे दुसऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो. या काळात प्रश्न ज्येष्ठाचा असतो, अनुदान ज्येष्ठाच्या नावावर असते आणि कनिष्ठाचे वेतनही त्याच अनुदानातून निघते. पुढे प्राध्यापकपद मिळाले तर त्याला स्वतःचा प्रश्न हाती घेता येतो. तोवर तो बहुधा चाळिशीकडे झुकलेला असतो.

स्वतंत्र अधिछात्रवृत्ती, जिला सर्वजण फेलोशिप म्हणूनच ओळखतात, ती हा क्रम बदलते. तरुण संशोधक स्वतःचा प्रश्न लिहून पाठवतो. तज्ज्ञांचे मंडळ तो प्रश्न व तो माणूस पारखते. निवड झाल्यास ठरावीक वर्षांसाठी, बहुधा पाच, त्याचे वेतन व संशोधनखर्च त्याच्या स्वतःच्या नावाने मंजूर होतो. कोणतीतरी संस्था त्याला जागा देते. प्रश्नावर मालकी मात्र त्याचीच राहते.

अमेरिकेतील केंब्रिज येथील व्हाइटहेड संस्थेने १९८४ मध्ये अशी योजना सुरू केली आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना थेट स्वतःची छोटी प्रयोगशाळा दिली. पहिले फेलो डेव्हिड पेज हे पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत कॅरल ग्रायडर १९८८ मध्ये फेलो म्हणून आल्या. टेलोमरेज या विकराच्या शोधाबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०११ पासून पहिली ‘अर्ली इंडिपेन्डन्स’ पारितोषिके दिली. कनिष्ठपदाचा टप्पा ओलांडून थेट स्वतंत्र काम सुरू करता यावे, हाच त्यांचा हेतू.

अक्षरांपासून गणितापर्यंत

संगणकीय जीवशास्त्राचा इतिहास पाहिला तर त्याच्या प्रत्येक वळणावर अशी एखादी फेलोशिप आढळते.

फ्रेडरिक सँगर हे इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९४४ ते १९५१ या काळात बाइट स्मृती वैद्यकीय फेलोशिपवर काम करीत होते. इन्सुलिन या प्रथिनातील अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने गुंफलेली आहेत हा त्यांचा प्रश्न. प्रथिनाला असा निश्चित क्रम असतो की नाही याविषयीच तेव्हा अनेकांना शंका होती. इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम १९५५ पर्यंत पूर्ण उलगडला आणि १९५८ मध्ये सँगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचा एक परिणाम त्या वेळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नसेल. प्रथिनाला क्रम आहे म्हणजे ते लिहिता येते, आणि जे लिहिता येते ते यंत्राला वाचून दाखवता येते.

हे वाचन मार्गारेट डेहॉफ यांनी सुरू केले. त्या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. १९४७-४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील वॉटसन संगणन प्रयोगशाळेची फेलोशिप त्यांना मिळाली होती आणि छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे त्यांनी रसायनशास्त्राच्या आकडेमोडीस जुंपली. १९६५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह प्रसिद्ध केला. आजच्या अवाढव्य जैविक माहितीसाठ्यांचा तो पूर्वज होय.

तिसरे उदाहरण एरिक लँडर यांचे. त्यांची ऑक्सफर्डची डॉक्टरेट शुद्ध गणितातील. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवीत असत आणि फावल्या वेळात जीवशास्त्र शिकत असत. अशा माणसाला जीवशास्त्राच्या कोणत्या विभागाने नोकरी दिली असती? व्हाइटहेड संस्थेने त्यांना १९८६ मध्ये फेलो म्हणून घेतले. अनेक जनुकांच्या संयोगातून येणारी लक्षणे व रोग गणिताने कसे शोधावेत, यावर त्यांनी डेव्हिड बॉटस्टीन यांच्यासह मूलभूत काम केले. मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा फेब्रुवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सार्वजनिक प्रकल्पाच्या निबंधावर पहिले नाव लँडर यांचे होते.

चौथे उदाहरण अगदी अलीकडचे. डेमिस हसाबिस हे संगणकीय खेळ तयार करण्याच्या व्यवसायातून मेंदूविज्ञानाकडे वळले. डॉक्टरेटनंतर वेलकम ट्रस्टच्या फेलोशिपवर त्यांनी लंडनमध्ये काम केले आणि २०१० मध्ये डीपमाइंड ही कंपनी सहकाऱ्यांसह स्थापन केली. या कंपनीच्या अल्फाफोल्ड प्रणालीने २०२० मध्ये केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय घडण सांगून दाखवली. २०२२ च्या जुलैपर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अनुमानित रचना सर्वांना खुल्या झाल्या. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, हसाबिस आणि जॉन जंपर यांना विभागून मिळाले.

या चौघांपैकी तिघे एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात आलेले. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ना आतले घर आपले म्हणते, ना बाहेरचे. त्याला काही वर्षे उभे राहण्यापुरती जागा फेलोशिपने दिली.

संगणकीय क्षेत्रात स्वातंत्र्याचे मोल अधिक का?

याची दोन कारणे आम्हांस दिसतात.

पहिले खर्चाचे. या शाखेत मोठी यंत्रसामग्री वा प्राणिगृह यांची गरज तुलनेने कमी असते. चांगला प्रश्न, विश्वासार्ह नोंदी आणि संगणक एवढ्यावर आरंभ होतो. म्हणून तरुण संशोधकाला लवकर स्वतंत्र करणे येथे परवडते.

दुसरे कारण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मोठ्या प्रकल्पात संगणकतज्ज्ञाला पुष्कळदा हिशेबनीस मानले जाते. प्रयोग दुसऱ्याने करायचा, प्रश्न दुसऱ्याने विचारायचा आणि आकडे तेवढे याच्याकडे तपासायला पाठवायचे. जो केवळ दुसऱ्याचे आकडे तपासतो त्याच्याकडून नवा विचार निघणे कठीण. त्याला स्वतःचा प्रश्न दिला की तोच माणूस शास्त्रज्ञ होतो.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की संयुक्त प्रकल्पांतील वैद्याची स्थिती पुष्कळदा याहून निराळी नसते. प्रकल्प आधुनिक संस्थेचा, प्रश्न जनुकशास्त्रज्ञाचा, विश्लेषण संख्याशास्त्रज्ञाचे; वैद्याकडे काम एवढेच की समोर आलेल्या व्यक्तीची प्रकृती वात, पित्त की कफ हे तक्त्यात भरून द्यावे. शास्त्र आपले आणि प्रश्न मात्र दुसऱ्याचा, अशी ही अवस्था आहे. ती बदलायची असेल तर तक्रारीचा उपयोग नाही; आपल्यातून स्वतंत्र संशोधक निर्माण व्हावे लागतील.

आपल्या देशातील परंपरा व सोयी

संगणकीय जीवशास्त्र हे सर्वस्वी पश्चिमेचे, असा समज असल्यास तो दूर व्हावा. मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन यांनी रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये मांडलेला आलेख आजही जगातील प्रत्येक प्रथिनरचनेची परीक्षा करण्यासाठी वापरला जातो. पुणे विद्यापीठात केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळस्कर आणि तोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली रीत प्रथिनाचा कोणता भाग शरीरात प्रतिपिंडे निर्माण करील याचे पूर्वानुमान करते, आणि ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. पूर्वानुमानात्मक जीवशास्त्राचे हे काम महाराष्ट्रात झाले याचा आपल्याला अभिमान वाटावा.

फेलोशिपच्या बाबतीत २००८ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी निम्मा-निम्मा भार उचलून ‘इंडिया अलायन्स’ ही व्यवस्था उभी केली. जैववैद्यकीय संशोधनातील वेगवेगळ्या टप्प्यांवरील व्यक्तींना तिच्याद्वारे फेलोशिप मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास १५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यांपैकी १००० कोटी विभागाचे व ५०० कोटी ट्रस्टचे. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. ज्यांच्या नावाने ती दिली जाते त्या डॉ. रामलिंगस्वामींनी कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दाखवून दिले होते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर योजनेतही तरुण संशोधकाला पाच वर्षांचे स्वतंत्र काम देण्याची तरतूद आहे.

आयुर्वेदाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये ‘स्पार्क’ योजना सुरू केली. दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनकार्यास ५०,००० रुपये, असे तिचे स्वरूप. रक्कम मोठी नाही. परंतु विसाव्या-एकविसाव्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न लिहून पाठवावा ही सवय मोठी आहे. अंकुर तेथे फुटतो.

मधला टप्पा मात्र रिकामा आहे. पदवीच्या वेळचे छोटे कार्य एका टोकाला आणि पीएच.डी.नंतरची मोठी फेलोशिप दुसऱ्या टोकाला. यांच्या मध्ये वैद्याला संख्याशास्त्र, जनुकशास्त्र व संगणकलेखन शिकवणारा पूल हवा. तो नसल्यामुळे आयुर्वेदाचा बुद्धिमान पदवीधर एकतर चिकित्सालय थाटतो किंवा अध्यापनाची नोकरी धरतो. दोन्ही मार्ग सन्मान्यच आहेत; पण तिसरा मार्ग दिसतच नाही ही खेदाची गोष्ट आहे.

प्रकृतिसंशोधनाचा पट

आयुर्वेदाच्या कोणत्या प्रश्नावर असे काम होऊ शकते याचे उत्तम उदाहरण प्रकृती हेच होय. गेल्या दोन दशकांत या विषयावर जे झाले त्याचा धावता आढावा घेऊ.

पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६ व्यक्तींच्या अभ्यासातून एचएलए या प्रतिकारक्षमतेशी निगडित जनुकांचा प्रकृतीशी काही संबंध दिसतो असे मांडले. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेत डॉ. मिताली मुखर्जी आणि स्वतः आयुर्वेदाच्या वैद्य असलेल्या डॉ. भावना पराशर यांच्या गटाने २००८ मध्ये ९६ निरोगी व्यक्तींवर काम करून, तिन्ही टोकाच्या प्रकृतींत रक्तातील जैवरासायनिक मोजमापे व जनुकांची अभिव्यक्ती यांत फरक आढळतो असे दाखवले. त्याच गटाने २०१० मध्ये एक पाऊल पुढे टाकले. शरीरातील प्राणवायूची उणीव ओळखण्याच्या यंत्रणेतील ईजीएलएन-१ या जनुकाचा एक भेद कफप्रकृतीत अधिक व पित्तप्रकृतीत कमी आढळला. अतिउंचीवर फुप्फुसात पाणी होणाऱ्या रोग्यांतही तोच भेद अधिक होता, आणि उंच प्रदेशातील मूळ रहिवाशांत तो जवळजवळ नव्हताच. प्रकृतिभेदापासून आरंभ करून रोगप्रवणतेपर्यंत पोचणारा हा विचार होता. प्रश्न मांडणाऱ्यांत वैद्य असला म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३४१६ जणांतून निवडलेल्या २६२ पुरुषांचा जनुकसंच तपासण्यात आला आणि पित्तप्रकृतीचा पीजीएम-१ या जनुकाशी संबंध सुचवला गेला. दिल्लीच्या गटाने २०१७ मध्ये संगणकाला स्वतः शिकू देणाऱ्या पद्धती वापरल्या. पश्चिम भारतातील १४७ निरोगी व्यक्तींची लक्षणे संगणकापुढे ठेवली. प्रकृतीचे नाव न सांगताही त्या लक्षणांचे तीन नैसर्गिक गट पडले व ते तीन प्रकृतींशी जुळले. पुढे हे गणित उत्तर भारतातील वेगळ्या लोकांवर पडताळण्यात आले.

पूर्वानुमानाच्या कसोट्या

असे निबंध प्रसिद्ध झाले की आपल्या वर्तुळात ‘आयुर्वेद सिद्ध झाला’ अशी घोषणा होते. आम्हांस ही घाई शास्त्राच्या हिताची वाटत नाही. पूर्वानुमानाचे शास्त्र काही कसोट्या मानते. त्या वैद्याने स्वतः जाणल्या तरच दुसऱ्याच्या निबंधाचे मूल्य त्याला ठरवता येईल आणि स्वतःचा निबंधही लिहिता येईल.

पहिली कसोटी मतैक्याची. संगणक प्रकृती जाणत नाही. वैद्याने दिलेले नाव तो शिकतो. दोन वैद्यांनी एकाच व्यक्तीला दोन नावे दिली तर तो काय शिकणार? समजा, दोघांनी १०० व्यक्ती स्वतंत्रपणे तपासल्या आणि ७० जणांबाबत त्यांचे मत जुळले. ही संख्या चांगली वाटते. परंतु केवळ योगायोगानेच ५० जणांबाबत मत जुळले असते असा हिशेब निघाला, तर योगायोगापलीकडच्या ५० पैकी २० चेच श्रेय परीक्षणाला जाते, म्हणजे ०.४. संख्याशास्त्रात या मापाला कप्पा म्हणतात. प्रकृतीवरील कोणत्याही अभ्यासात हा आकडा प्रथम शोधावा.

दुसरी कसोटी चक्रापत्ती टाळण्याची. प्रश्नावलीवरून प्रकृती ठरवली आणि त्याच प्रश्नावलीची उत्तरे देऊन संगणकाला प्रकृती ओळखायला सांगितली, तर तो ओळखणारच. तसेच गटागटांत भिन्न असलेली जनुकस्थाने आधी निवडली आणि त्याच व्यक्तींची त्याच स्थानांवरून पुन्हा विभागणी केली, तर गट वेगळे पडणे स्वाभाविक आहे. खरी परीक्षा नव्या, पूर्वी न पाहिलेल्या लोकांवर होते.

तिसरी कसोटी रोगाच्या प्रमाणाची. एखादी परीक्षा रोगी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांना ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी ९० टक्क्यांना निरोगी ठरवते असे समजू. लोकसंख्येत तो रोग शंभरात एकाला आहे. एक हजार लोक तपासले तर दहा रोग्यांपैकी नऊ सापडतील. पण ९९० निरोगी व्यक्तींपैकी ९९ जणांवरही रोगाचा शिक्का बसेल. एकूण १०८ जणांना आपण सावध केले आणि त्यांतील खरे नऊच. उरलेल्यांच्या मनात भय मात्र घातले. प्रकृतीवरून ‘तुम्हांला अमुक रोग होईल’ असे सांगण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने मनात करावा.

चौथी कसोटी आधी सांगण्याची. प्रथिनरचनेच्या क्षेत्रात १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक स्पर्धा होते. प्रयोगाने ठरलेली परंतु अद्याप प्रसिद्ध न झालेली रचना स्पर्धकांनी केवळ क्रमावरून सांगायची, उत्तरे जमा झाल्यावर खरी रचना उघड करायची आणि मग गुण द्यायचे. अल्फाफोल्डचे यश याच स्पर्धेत सिद्ध झाले, म्हणून ते कोणाला नाकारता आले नाही. आयुर्वेदातील साध्यासाध्यत्वाचा निर्णय या रीतीने तपासता येणार नाही काय? रोगी प्रथम पाहिला तेव्हाच सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की प्रत्याख्येय हे तारखेसह लिहावे, ते बंद ठेवावे आणि वर्षाने, ज्याला ते मत ठाऊक नाही अशा दुसऱ्या वैद्याकडून परिणामाची नोंद घ्यावी. यास प्रयोगशाळा लागत नाही. शिस्त लागते, आणि आपले मत चुकल्यास ते छापण्याचे धैर्य लागते.

आपण काय करावे?

१. नोंदींची शिस्त. ज्या वैद्याकडे वीस वर्षांच्या एकसारख्या नोंदी आहेत, त्याच्याकडे संशोधनाचे धन आहे. वय, देश, ऋतू, अग्नी, कोष्ठ, नाडी, प्रकृती, निदान, औषध, मात्रा आणि परिणाम हे ठरावीक तक्त्यात, ठरावीक शब्दांत लिहावे. रोग्याचे नाव वेगळे ठेवून क्रमांक द्यावा आणि संशोधनासाठी त्याची संमती घ्यावी. जो रोगी परत आला नाही त्याचीही नोंद ठेवावी, अन्यथा सगळेच बरे झाले असे भासते.

२. संख्याशास्त्राची भीती सोडणे. संशोधनपद्धती व संख्याशास्त्र हा विषय पदवी अभ्यासक्रमात आहे. तो परीक्षेपुरता राहू नये. संगणकावर संख्याशास्त्रीय विश्लेषण करण्याची साधने आज विनामूल्य मिळतात.

३. प्रश्न लहान व स्वतःचा असावा. ‘प्रकृती आणि जनुके’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘आमवाताच्या रोग्यांत पहिल्या भेटीतील अग्नीच्या अवस्थेवरून सहा महिन्यांनंतरच्या संधिशोथाचे पूर्वानुमान करता येते का?’ हा प्रश्न होय. निवडमंडळापुढे असाच प्रश्न टिकतो.

४. दोन गुरू करावेत, एक वैद्य आणि एक गणिती. पुण्या-मुंबईत, दिल्लीत, बंगळुरूत, हैदराबादेत असे गणिती आहेत आणि त्यांनाही चांगल्या नोंदींची आस असते. आपण नोंदी घेऊन गेलो तर भागीदार होऊ. नुसता अभिमान घेऊन गेलो तर पाहुणे राहू.

५. संघटनेची जबाबदारी. आपल्यासारख्या संघटनांनी वर्षाकाठी एका तरुण वैद्याला जरी वर्षभराच्या निर्वाहाची वृत्ती देऊन एखाद्या संगणकीय जीवशास्त्राच्या गटात पाठवले, तरी वर उल्लेखिलेल्या पुलाचा एक दगड बसेल. अट एकच असावी: प्रश्न त्याचा असावा आणि उत्तर प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध व्हावे.

या मार्गातील अडचणी आम्ही लपवीत नाही. फेलोशिप पाच वर्षांनी संपते आणि पुढील पदाची हमी देत नाही. चिकित्सालयाचे उत्पन्न सोडून संशोधनवृत्तीवर घर चालवणे अनेकांना जड जाते. मोठ्या योजनांना पीएच.डी. व प्रसिद्ध निबंध यांची अपेक्षा असते आणि प्रत्येक योजनेची अर्हता निराळी असल्याने त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी लागते. निवड थोड्यांचीच होते. म्हणून हा मार्ग सर्वांनी धरावा असे कोणी म्हणणार नाही. शंभरात एकाने धरावा आणि उरलेल्या नव्याण्णवांनी आपल्या नोंदींनी त्याला बळ द्यावे, एवढीच अपेक्षा.

प्रकृती, अग्नी, साध्यासाध्यत्व यांविषयीचे प्रश्न यापुढेही विचारले जाणारच आहेत. जनुकसंचाचे वाचन स्वस्त झाले आहे, संगणक समर्थ झाले आहेत आणि आपल्या शास्त्रातील वर्गीकरणाकडे जगातील जाणकारांचे लक्ष गेले आहे. वैद्याने हे प्रश्न विचारले नाहीत तर आयुर्वेदाची परिभाषा अर्धवट जाणणारा कोणीतरी ते विचारील, आणि त्याला जे उत्तर मिळेल तेच आयुर्वेदाविषयीचे मत म्हणून रूढ होईल. पाणी, नांगरट आणि ऋतू आज अनुकूल आहेत. बीज आपले आहे. ते पेरायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.